आकारामाचं सुपडं आणि मगदुमांचं चुलवाण

हिंगणवाडीत खड्डा म्हटल्यावर ज्याचा चेहरा खुलायचा असा एकच माणूस होता, आकाराम शेळके. इतर लोक खड्डा दिसला की वळसा घालत. आकाराम थांबे, काठावर उकिडवा बसे, कडेची माती चिमटीत चोळून बघे आणि आत उतरायला वाट कुठून आहे ते शोधे. वाट नसली तर त्याच्या लेखी तो खड्डाच नव्हे. ते नुसतं पडायचं ठिकाण.

हे वेड त्याने पलटणीतून आणलं होतं. सतरा वर्षं तो फौजेच्या इंजिनियर पलटणीत बुलडोझरवर होता आणि नाईक होऊन बाहेर पडला. एकाहत्तरच्या लढाईत त्याने काय पराक्रम केला, असं गावातली पोरं विचारायची. आकाराम खरं बोलणारा माणूस असल्यामुळे त्याची पंचाईत व्हायची. लढाईत त्याने रस्त्यावरचे खड्डे बुजवले होते. बॉम्ब पडला की खड्डा व्हायचा, आकाराम जाऊन बुजवायचा, परत बॉम्ब पडायचा. म्हणजे देशासाठी त्याने खड्डे भरले ते शेकड्यांनी, पण खणला एकही नव्हता. खणण्याचं काम तोवर शत्रूकडे होतं.

बहात्तरच्या शेवटाला तो घरी आला तेव्हा अंगात फौज आणि तोंडात हिंदी शिल्लक होती. पाण्याचा हंडा कुठे ठेवायचा याचेही तो हुकूम सोडायचा. बायको साळूबाई शांतपणे हंडा होता तिथेच ठेवायची.

"आवं, लढाई संपली न्हवं?" ती विचारायची.

"संपली."

"मग हंडा हाय तिथं ऱ्हाऊ द्या."

घरात अशी पीछेहाट झाल्यावर माणूस बाहेर काहीतरी काबीज करायला बघतो. आकारामाला ती संधी लालासाहेबांनी दिली. लालासाहेब हे गावच्या पाणी-सोसायटीचे चेअरमन. कृष्णेचं पाणी उपसून उसाला देणारी ही सोसायटी. तिच्याकडे एक तांबडा ट्रॅक्टर होता. लालासाहेब एकदा पुण्याला शेतीचं प्रदर्शन बघायला गेले आणि तिथे ट्रॅक्टरच्या पुढे हात लावून माती उचलणारं यंत्र बघून आले. आल्यावर त्यांना चैन पडेना. सांगलीच्या एका कारखानदाराला त्यांनी यंत्राचं वर्णन केलं, त्याने ऐकून ऐकून तसंच एक बनवलं आणि चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात सोसायटीच्या ट्रॅक्टरला दोन लोखंडी हात फुटले. हातांच्या टोकाला चार हात रुंदीचं पत्र्याचं मोठं भांडं, त्याला पुढे सहा दात. तेलाच्या जोरावर ते वर जायचं. खाली मात्र स्वतःच्या वजनानेच यायचं, आणि माती ओतायची तर ड्रायव्हरने एक दोरी ओढायची.

आकाराम त्याला लोडर म्हणे. ते यंत्र पाराजवळ आलं त्याच दिवशी मावळतीच्या आत गावाने त्याचं नाव सुपडं ठेवलं, कारण ते सुपासारखंच दिसत होतं.

सुपड्याचा पहिला प्रयोग सोसायटीच्या खतखड्ड्यावर झाला. अख्खं गाव जमलं होतं. आकारामाने खाकी शर्ट घातला होता. त्याने बुलडोझरवर करायचा तसा ट्रॅक्टर जोरात पुढे घातला. बुलडोझर सहा हत्तींच्या वजनाचा असतो आणि जमिनीला दाबून धरतो. ट्रॅक्टर तसा नाही. सुपड्याच्या दातांनी जमीन खरवडली, पुढची चाकं अंगाला खाज सुटल्यासारखी उडाली आणि सहा बारीक रेघा उमटल्या. कुणीतरी म्हणालं, "रांगोळी चांगली काढतंय."

आकाराम चिडला. दुपारभर तो तेच करत राहिला आणि संध्याकाळपर्यंत त्याने दोन हात खोल खड्डा केला खरा, पण उताराला जागा कमी ठेवली. शेवटची फेरी मारायला तो आत उतरला, सुपडं काठोकाठ भरलं, वर उचललं आणि ट्रॅक्टर मागे घेतला. पुढे एवढं वजन आल्यावर मागची चाकं हलकी झाली. ती गरगर फिरली, धूळ उडाली, आणि ट्रॅक्टर जिथे होता तिथेच राहिला. आकारामाने अजून जोर दिला. चाकांनी स्वतःपुरते आणखी दोन खड्डे खणले. हे त्या दिवसातले सगळ्यांत चांगले खड्डे होते.

मग बैल आणले. चार जोड्या. लोक वरातीला निघाल्याच्या उत्साहाने बैल घेऊन आले. ज्या ट्रॅक्टरमुळे बैल जाणार असं तीन वर्षं ऐकत होते, तो ट्रॅक्टर बैलांनी ओढून काढायचा म्हणजे कुणाला नको असणार. पुढच्या जोडीचा मालक आप्पासो जू अडकवता अडकवता आकारामाकडे बघून म्हणाला, "आकाराम, हेला रातच्याला डिझेल घालतुयास का वैरण?"

लालासाहेब हसले नाहीत, हीच वाईट गोष्ट होती. ट्रॅक्टर वर आल्यावर ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "दिवाळीपातूर बघू. न्हाई जमलं तर हात काढून सांगलीला परत देऊ आनि ट्रॉली जोडू. ट्रॉली तू वढशीलच."

"ट्रॉली कुनीबी वढंल, सायेब," आकाराम म्हणाला.

"त्येच म्हनतोय," लालासाहेब म्हणाले आणि गेले.

आकारामाला रात्री जेवण गेलं नाही. ट्रॉली ओढणारे गावात सहा जण होते, त्यातल्या दोघांना ब्रेक कुठला हे सांगावं लागे. सुपडं चालवणारा मात्र कराडापासून सांगलीपर्यंत तो एकटा होता, निदान त्याच्या माहितीप्रमाणे. हात गेले की तो पण सातवा होणार होता. सतरा वर्षं पलटणीत हजारांतला एक होऊन राहिलेल्या माणसाला गावात तरी एकटा असावं असं वाटलं, तर त्यात गैर काही नाही.

पुढचे चार महिने रोज कामं संपल्यावर तो नदीकाठच्या पडीक रानात जाऊन खड्डे खणू लागला. हे रान सरकारी असल्यामुळे त्यावर कुणाचा जीव नव्हता. महिन्याभरात तिथे अशी अवस्था झाली की रात्री चोरांनी ती वाट सोडली.

खणायची युक्ती त्याला साळूबाईमुळे सापडली, पण हे तो कधी कबूल करत नसे. खळ्यावर ती ज्वारीची रास सुपात भरत होती. आकाराम बाजूला बसून सुपाकडे टक लावून बघत होता. सूप कसं धरते, किती तिरकं घालते, कुठे उचलते. साळूबाई लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर नवरा असा बघतोय म्हणून आधी लाजली आणि मग तिला कळलं की तो सुपाकडे बघतोय.

"आवं, सुपानं कुनी उकरतं का?" ती वैतागून म्हणाली. "सुपानं भरत्यात. उकरायला कुदळ असती."

आकाराम उठून तडक रानात गेला. ट्रॅक्टरच्या मागे त्याने नांगर जोडला. आधी नांगराने जमीन फोडायची, मग फिरून येऊन सुटी माती सुपड्याने भरायची. जमीन फोडलेली असली की सुपड्याला जोर लावायला लागत नाही, आडवं टेकवून भाकरीएवढा थर घेत गेलं की ते आपोआप भरतं. आणि नांगर मागे लटकलेला असला की मागच्या चाकांवर वजन राहतं, त्यामुळे भरलेलं सुपडं वर घेतलं तरी चाकं हलकी होत नाहीत. एका नांगराने दोन दुखणी बरी झाली. उताराचा हिशेबही त्याने पक्का केला. खड्डा एक हात खोल न्यायचा तर उतार पाच हात लांब, त्याहून उभा नाही. भरून बाहेर निघायचं ते उलटं, सुपडं गुडघ्याच्या वर न उचलता. माती काठावर न टाकता सात-आठ हात लांब नेऊन टाकायची, नाहीतर काठ तिच्या भाराने ढासळतो. पाऊस पडून गेल्यावर मुठीत दाबलेली माती टाकली की फुटली पाहिजे, तोवर रानात घुसायचं नाही.

हे सगळं त्याला आता येत होतं. पण हे बघायला कोणीच नव्हतं. गावाने एकदा चार बैलजोड्यांचा दिवस पाहिला होता, तेवढ्यावर त्यांचं समाधान होतं.

दिवाळी पंधरा दिवसांवर आली असताना लालासाहेबांना मगदुमांचा निरोप आला. जिनपाल मगदूम हे आष्ट्याच्या अलीकडे वस्ती करून राहणारे जैन शेतकरी. त्यांचं गुऱ्हाळ त्या भागात नावाजलेलं होतं. यंदाच्या पावसात त्यांचं जुनं चुलवाण ढासळलं. चुलवाण म्हणजे जमिनीत खणलेली प्रचंड चूल. तिच्यावर काहील, म्हणजे उसाचा रस कढवायची लोखंडी कढई ठेवतात. बैलगाडी आत मावेल एवढी ही कढई असते. खणणारी माणसं सगळी सरकारी कामावर गेली होती. उसाला तोड आलेली, गुऱ्हाळाचा मुहूर्त ठरलेला, आणि चुलीचा पत्ता नाही. तुमच्याकडे कसलंसं यंत्र आहे म्हणतात, ते पाठवा, असा तो निरोप होता.

लालासाहेबांनी आकारामाला बोलावलं. "पैल्या आधनाला मी येनार हाय," ते म्हणाले. आधण म्हणजे एका वेळी काहिलीत घातलेला रस. "चुलवान पेटलं तर बघू. न्हाईतर तसाच सांगलीला जातो, कारखानदाराला सांगून ठिवलंय."

आकाराम पहाटे निघाला. ट्रॅक्टरचा वेग सायकलएवढा, आणि पुढे सुपडं वर धरलेलं, त्यामुळे समोरचं निम्मं दिसत नव्हतं. इस्लामपुरात हॉटेलातली माणसं चहा टाकून बाहेर आली. एका म्हाताऱ्याने रस्त्यात हात करून थांबवलं आणि सुपड्यात बसवून आष्ट्याला नेतो का विचारलं. आकारामाने नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मग एवढं मोठं कशाला केलंय?"

मगदुमांच्या वस्तीवर पोचल्यावर पहिली गाठ पडली चंपाबाईंशी. या जिनपालच्या आई. सत्तरी ओलांडलेल्या, दिवस मावळायच्या आत जेवण उरकणाऱ्या, आणि पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून खाली बघून चालणाऱ्या. त्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली.

"ह्ये दात कशाला रं?"

"माती धरायला, आक्का."

"जिवाला लागत्यात की. हितं किडामुंगी लय हाय. आदी एक फेरी रिकामी मार. आवाज ऐकून जातील ती."

"आक्का, मुंगीला कान..." आकारामाने सुरुवात केली, पण चंपाबाईंच्या चेहऱ्याकडे बघून तो रिकामी फेरी मारून आला. मग चंपाबाई म्हणाल्या, अजून एक मार, मुंग्यांत म्हाताऱ्याही असतात, त्यांना वेळ लागतो. तीही मारली. या दोन फेऱ्यांत चाकं एका जागी खोल रुतली, तेव्हा तिथे जुन्या हौदाची भर आहे हे कळलं आणि आकारामाने जागा आठ हात पूर्वेला सरकवली. पुढे कुठेही काम करताना तो आधी दोन रिकाम्या फेऱ्या मारू लागला. कारण विचारलं तर फौजी पद्धत म्हणून सांगायचा.

आता मापाचा प्रश्न आला. जिनपाल हा सभ्य आणि घाईतला माणूस होता. तो म्हणाला, "खोली चार हात. आनि तोंड काहिलीच्या मापानं. काहील ती तितं शेडात हाय, माप घ्या. आमचा गुळव्या मुहूर्ताच्या आदल्या दिवशी येतोय." आणि तो ऊसतोडीकडे गेला.

गुळव्या म्हणजे गूळ करणारा वस्ताद. तो सिद्धू. त्याची ओळख पुढे होईलच. या घडीला तो तिथे नव्हता हे महत्त्वाचं.

आकाराम शेडात गेला. काहील पालथी घातलेली होती. हंगाम नसला की ती पालथीच असते, म्हणजे आत पाणी साचून गंज धरत नाही. त्या मुलखातल्या कुणाही माणसाने वर्षातले आठ महिने काहील पालथीच बघितलेली असते, त्यामुळे पालथी काहील पालथी आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. आकारामाने जमिनीला टेकलेल्या कडेला दोरी लावली, तीन वेळा मोजली, फौजेत शिकवलं होतं तसं तिन्ही वेळचं माप वहीत लिहिलं. सहा हात. तिन्ही वेळा सहा हात. इतकं काटेकोर मोजणारा माणूस त्या वस्तीवर पूर्वी आला नव्हता.

पुढचे अडीच दिवस त्याने जे काम केलं ते बघायला वस्तीवरची सगळी माणसं येत होती. वीस हात लांबीचा उतार त्याने आधी राखेने आखला. नांगर घालायचा, फिरायचं, सुपडं टेकवायचं, भाकरीचा थर उचलायचा, उलटं बाहेर यायचं. ट्रॅक्टर कमरेपर्यंत गेला, छातीपर्यंत गेला, आणि शेवटी नुसती धुराची नळी आणि आकारामाची टोपी दिसायला लागली. प्रत्येक वेळी तो निमूट मागे मागे बाहेर यायचा. उताराच्या टोकाला समोरची भिंत ताठ उभी होती. सुपडं चार हात रुंद, म्हणून खड्डाही चार हातच रुंद झाला होता. शेवटच्या दिवशी आकाराम खोरं घेऊन स्वतः आत उतरला आणि टोकाचा भाग दोन्ही अंगांनी हाताने कोरून कोरून त्याने सहा हातांचा नामी गोल केला. दोरी मध्ये धरून फिरवली तर कुठे बोटाचाही फरक नव्हता.

दगडाबाई तेवढी काठावरून बघत होती. गेली पंचवीस वर्षं ती त्या गुऱ्हाळावर चिपाडं वाहत होती. चिपाडं म्हणजे रस काढून राहिलेले उसाचे वाळके चोथे. तेच चुलवाणात जाळतात. डोक्यावर भारा घेऊन शिडीने खड्ड्यात उतरायचं, जाळ घालणाऱ्यापाशी टाकायचा, वर यायचं.

"ह्यो उतार नंतर बुजवनार व्हय?" तिने विचारलं.

"का वो?"

"न्हाई, आपलं इचारलं," दगडाबाई म्हणाली आणि निघून गेली.

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी सकाळच्या एसटीने सिद्धू उतरला. साठीचा, वाळका, डोक्याला पटका, हातात वेताची काठी. मूळचा कर्नाटकाच्या हद्दीकडचा, त्यामुळे लहानथोर सगळ्यांना तो तम्मा म्हणे, म्हणजे धाकटा भाऊ. बाकी सगळे त्याला सिद्धूआण्णा म्हणत. गुळव्यापुढे गुऱ्हाळाचा मालकही आवाज चढवून बोलत नाही, कारण गूळ पिवळा होणार की काळा हे त्याच्या हातात असतं.

सिद्धूने खड्ड्याकडे बघितलं. उताराकडे बघितलं. परत खड्ड्याकडे बघितलं. मग आठ माणसांना काहील आणायला सांगितली. माणसांनी ती उचलून आणली आणि काठाजवळ सुलटी ठेवली. सुलटी ठेवल्यावर तिचं रुंद तोंड वर गेलं आणि अरुंद बूड खाली आलं.

सिद्धूने काठी बुडाला लावली. मग काठी खड्ड्याला लावली. आणि आकारामाकडे वळून अतिशय प्रेमाने विचारलं, "तम्मा, काहील चुलीवर ठिवायची का चुलीत?"

आकारामाच्या ते लगेच ध्यानात आलं. काहिलीचं बूड पाच हात. ते चारी बाजूंनी वीतभर काठावर टेकायला हवं, म्हणजे तोंड हवं चार हातांचं. त्याने केलं होतं सहा हातांचं. काहील नीट सरळ आत गेली असती आणि तळाशी जाऊन बसली असती. सुपड्याने मुळात खणलेली रुंदी चार हातच होती. म्हणजे यंत्राचं माप बरोबर होतं, आणि वरचे दोन हात नाईक आकाराम शेळके यांनी स्वतः खोऱ्याने, दोरी धरून, कष्टाने चुकवले होते.

जिनपालने कपाळाला हात लावला. काठावरची माणसं मात्र मोकळी झाली.

"मोठी काहील आना सांगलीस्नं."

"काहील ऱ्हाऊ द्या, ह्यात ट्रॅक्टरच ठिवा आन् त्येच्यात रस वता."

आकारामाचे कान तापले. उद्या सकाळी लालासाहेब येणार होते. "आण्णा," तो म्हणाला, "कडंनं माती भरतो. पानी मारून धुमसानं ठोकून काढतो. दगडासारकी हुईल."

"न्हाई हुत," सिद्धू म्हणाला. "भरलेली माती जाळ लागला की भाजती आनि सुटती. वर उकळता रस, भवतीनं चार मानसं. काहील कलंडली तर तू त्यास्नी भरून देनार हायस का?" तो काठीने खड्ड्याची कड ठोकत म्हणाला, "चुलवानाला कोरी जमीन लागती. हात न लागलेली."

हे खरं होतं आणि आकारामाला ते कळत होतं. काठाशी भर टाकू नये हा नियम त्याने नदीकाठच्या रानात स्वतःच शोधला होता. तो उतारावरून खाली गेला आणि खड्ड्यात उभा राहिला. वर माणसं हसत होती. त्याने चारी बाजूंना बघितलं. डावीकडची भिंत कोरलेली, उजवीकडची कोरलेली. समोरची भिंत मात्र जशीच्या तशी होती. तिच्या पलीकडे जमीनच जमीन होती, हात न लागलेली.

तो वर आला आणि सिद्धूला म्हणाला, "आण्णा, फुडं जाऊ या."

"कुठं फुडं?"

"ह्या भिंतीच्या पल्याड. एक हात पडदा ठिवायचा आनि त्याच्या फुडं वरनं नवं चुलवान उतरायचं, चार हाताचं. पडद्याला खालनं तोंड पाडायचं. नव्या खड्ड्याची माती त्या तोंडातनं ह्या खड्ड्यात वढायची, हितनं मी सुपड्यानं बाहीर काढतो. आनि हा मोठा खड्डा ऱ्हाऊ दे. जाळ घालायला मानूस बसायला जागा लागतीच की."

सिद्धूने भिंतीपलीकडची जमीन काठीने ठोकून बघितली. मग तो वळून उताराकडे बघत राहिला. वारा तिकडून येत होता.

"जाळ घालायला बसायचा खड्डा एवढा?" शेवटी तो म्हणाला. "हितं लगीन लागंल."

"मोठा हाय," आकारामाने कबूल केलं.

"गोल मी आखनार."

"आखा."

"मी सांगीन तितं थांबायचं."

पलटण सोडताना आकारामाने मनाशी एकच ठरवलं होतं, की यापुढे कुणाचा हुकूम ऐकायचा नाही. गेल्या दोन वर्षांत साळूबाई सोडली तर त्याने तो नियम पाळला होता. "थांबतो," तो म्हणाला.

दुपारच्या आत काम सुरू झालं. सिद्धूने राखेने गोल आखला, त्याला पसंत पडला नाही, पुसून परत आखला. जिनपाल, दोन गडी आणि आकाराम असे चौघे पाळीपाळीने कुदळ मारत होते. पडद्याला तोंड पडल्यावर वरून पाडलेली माती आपसूक खाली मोठ्या खड्ड्यात येऊ लागली, आणि आकाराम कुदळ टाकून ट्रॅक्टरवर बसला. हातांनी माती वर फेकायची तर चार दिवस लागले असते. सुपडं एका वेळी पंधरा पाट्या उचलून उलटं बाहेर जात होतं. काठावर हसणारी माणसं एकेक करून खाली उतरली. हसायला काही उरलं नाही की आमच्याकडे लोक मदत करतात.

सिद्धू काठी घेऊन काठावर उभा होता. "थांब," तो म्हणे. आकाराम थांबे. सिद्धू खाली वाकून बघे. "हं, आता." आकाराम निघे. शेवटचा हातभर भाग सिद्धूने कुदळीलाही शिवू दिला नाही. तो त्याने खुरप्याने स्वतः कातला. दिवस मावळता मावळता मागच्या बाजूला धुराड्याची वाट पाडून झाली, आणि काहील नव्या तोंडावर ठेवली. ती चारी अंगांनी वीतभर टेकली. सिद्धूने दोन बोटांनी तिला वाजवून बघितलं आणि ओल सुकायला खाली गवऱ्यांची धग लावायला सांगितली. आकारामाकडे त्याने बघितलं नाही.

सकाळी लालासाहेब आले. पांढरी टोपी, पांढरं धोतर, आणि बरोबर सांगलीच्या कारखान्यातला मिस्त्री, पान्यांची पिशवी घेऊन. आकारामाने त्या पिशवीकडे एकदाच बघितलं आणि मग मुद्दाम दुसरीकडे बघत राहिला.

नारळ फुटला, इंजिन सुरू झालं, घाण्यातून रस आला, काहील भरली. दगडाबाई भारा डोक्यावर घेऊन खड्ड्याकडे आली आणि सवयीने शिडी शोधायला लागली. मग ती थांबली, भारा खाली टाकला आणि म्हणाली, "मालक, चिपाडाची गाडीच घाला की खाली."

जिनपालने चिपाडांची गाडी उतारावरून उलटी खाली नेली. ती थेट चुलवाणाच्या तोंडापाशी जाऊन थांबली. मोठ्या खड्ड्यात गाडी, बैल, जाळ घालणारा आणि दगडाबाई सगळे मावले आणि वर जागा उरली. दगडाबाई गाडीच्या साटीवर बसली. गुऱ्हाळ चालू असताना तिला बसलेली आजवर कुणी पाहिली नव्हती.

"पंचवीस वर्सं शिडीनं उतरले," ती आकारामाला म्हणाली. "तुला आदी चुकायला काय झालं हुतं रं?"

उतारावरून वारा खाली येत होता आणि जाळ सरळ काहिलीच्या बुडाला लागत होता. अडीच तासांत रस दाट झाला. सिद्धूने थेंबभर पाक गार पाण्यात टाकला, बोटांनी त्याची गोळी केली, गोळी काठावर आपटून बघितली, आणि काहील उतरवायची खूण केली. गूळ गार करायच्या वाफ्यात ओतल्यावर त्याचा रंग सगळ्यांनीच बघितला. पिवळा होता.

लालासाहेबांनी सिद्धूला विचारलं, "आण्णा, चुलवान कसं काय?"

मिस्त्रीने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. आकाराम ट्रॅक्टरच्या मडगार्डाला टेकून उभा होता आणि सुपड्याच्या तिसऱ्या दाताकडे असं बघत होता की जणू तो दात त्याने आधी कधी बघितलाच नव्हता.

"जाळ ऐकतोय," सिद्धू म्हणाला. थोड्या वेळाने तो पुढे म्हणाला, "आमच्या पट्ट्यात अजून नऊ गुऱ्हाळं हायती. सहा ठिकानी चुलवानं पावसानं गेल्यात. ह्ये सुपडं पाठवा. पर एकटं नगं."

"म्हंजे?"

"मी आसल्याबिगर ह्यानं सुपडं टेकवायचं न्हाई. खनायला त्यो लय चांगला हाय. थांबायचं कळत न्हाई त्याला."

लालासाहेबांनी आकारामाकडे बघितलं. आकारामाने सहा चुलवाणांचा हिशेब मनात केला, मग नऊ गुऱ्हाळांचा, मग पुढल्या वर्षाचा, आणि प्रत्येक ठिकाणी काठावर उभ्या असलेल्या त्या वेताच्या काठीचा.

"व्हय, सायेब," तो म्हणाला.

मिस्त्रीला काकवी देऊन सांगलीच्या एसटीत बसवलं.

त्या हंगामात आकारामाने सात चुलवाणं खणली आणि पुढल्या हंगामात अकरा. साळूबाईला तो दिवाळीला फक्त दोन दिवस भेटला. आष्ट्यापासून कराडापर्यंत सुपडं माहीत झालं, ते चालवणारा दुसरा कुणी अजूनही नव्हता, आणि आकाराम जसा एकटा व्हायला निघाला होता तसा एकटा झाला. फरक एवढाच, की वस्तीवर पाहुणे येऊन विचारायचे, चुलवाण झ्याक झालंय, कुणी केलं, तर लोक म्हणायचे, सिद्धूआण्णानं. आणि सुपडं कुणाचं? तर ते आण्णाच्या हाताखाली एक फौजी आहे, त्याचं.

साळूबाईने हे कानावर आल्यावर एकदा विचारलं, "आवं, तुमाला राग येत न्हाई?"

"येतो की," आकाराम म्हणाला. "पर आण्णा काठावर आसला की माप चुकत न्हाई."

शहात्तरच्या दसऱ्यानंतर बागणीजवळच्या एका मळ्यात नव्या चुलवाणाची आखणी चालली होती. आकारामाने दोन रिकाम्या फेऱ्या मारून घेतल्या होत्या. इंजिन चालू होतं, नांगर जोडलेला होता, सुपडं जमिनीपासून वीतभर वर होतं. सिद्धू वाकून राखेची रेघ बघत होता. त्याने ती पुसली, बोटभर उत्तरेला सरकवली, लांब जाऊन बघितली, परत आला, परत पुसली.

आकारामाचा पाय क्लचवर होता आणि पोटरीला मुंग्या आल्या होत्या.

"आण्णा, टेकवू का?" त्याने विचारलं.

"थांब," सिद्धू म्हणाला.

आकाराम थांबला.